ऊन भरपूर, तरी व्हिटॅमिन डी कमी: यात जनुकांचा वाटा किती?

(भागात बोललेला मजकूर. वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून किरकोळ फेरफार केले आहेत.)

पनवेलहून बोलतोय. आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फाइलमध्ये आधीच छापून ठेवलेला असेल. फुल बॉडी चेकअपच्या रिपोर्टमध्ये खाली कुठेतरी एक ओळ असते, '२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी'. तिच्यापुढचा आकडा ठळक टाइपात असतो. १४, ११, कधी ९. घरातल्या चौघांनी टेस्ट केली की चौघांचाही कमीच येतो. मग कोणीतरी म्हणतं, "आमच्या घराण्यातच आहे ते." आणि आता थुंकीचा नमुना घेऊन डीएनए तपासणाऱ्या कंपन्याही रंगीत तक्त्यासकट तेच सांगतात: तुमची जनुकं बघता तुम्हाला व्हिटॅमिन डीच्या कमतरतेचा धोका जास्त आहे.

हे खरं आहे का? आणि खरं असेल तर किती? आज एवढंच बघायचंय.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कोणी कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. पण एखादा आकडा कुठून आला, त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, हे तपासणं माझं रोजचं काम आहे. तेवढंच इथे करतो.

आधी हे शरीरात बनतं कसं ते बघू. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलच्या एक पायरी आधीचा एक पदार्थ असतो. त्याच्यावर उन्हातले अतिनील-बी किरण पडले, म्हणजे साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे, की त्याचं व्हिटॅमिन डी होतं. ते रक्तात एका वाहक प्रथिनावर बसून यकृतात जातं. तिथे त्याच्यावर पहिली प्रक्रिया होते, आणि रिपोर्टमध्ये येतो तो आकडा या टप्प्यावरच्या मालाचा. मग मूत्रपिंडात दुसरी प्रक्रिया होते आणि खरं काम करणारं रूप तयार होतं. ते पेशीतल्या एका रिसेप्टरला जाऊन चिकटतं आणि आतड्याला सांगतं, कॅल्शियम आत घे. काम झालं की ते मोडून टाकणारं एंझाइमही आहे.

यातल्या प्रत्येक टप्प्याला जनुक आहे. त्वचेतला कच्चा माल किती उरणार हे डीएचसीआर७ ठरवतं. वाहक प्रथिनाचं जनुक जीसी. यकृतातल्या पायरीचं सीवायपी२आर१, मूत्रपिंडातलं सीवायपी२७बी१, रिसेप्टरचं व्हीडीआर आणि मोडतोड करणारं सीवायपी२४ए१. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. लक्षात एवढंच ठेवा की ही एक साखळी आहे, आणि साखळीत कुठेही फरक पडला की शेवटचा आकडा बदलू शकतो. म्हणजे "जनुकांचा संबंध आहे" हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. प्रश्न 'किती' आणि 'कोणासाठी' हा आहे.

इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात, त्या सुट्या करू.

पहिली गोष्ट, दुर्मीळ आजार. साखळीतली एखादी कडी पूर्ण तुटलेली असते. मूत्रपिंडातल्या पायरीचं जनुक आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून बिघडलेलं आलं, तर त्या मुलाला उन्हात कितीही धरा, नेहमीच्या पुड्या कितीही द्या, मुडदूस बरा होत नाही. पायांना बाक येतो, चालणं उशिरा येतं, फिट्स येऊ शकतात. रिसेप्टरच बिघडला असेल तर काही मुलांचे अंगावरचे आणि डोक्यावरचे केससुद्धा जातात. हे आजार खरेखुरे जनुकीय आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत. दोन्हीकडून तेच बिघडलेलं जनुक येण्याची शक्यता जवळच्या नात्यातल्या लग्नात वाढते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची पद्धत अनेक समाजांत होती, काही ठिकाणी अजून आहे. म्हणून ज्या मुलाचा मुडदूस नेहमीच्या औषधाने हलत नाही, त्याच्या बाबतीत डॉक्टर आईवडिलांच्या नात्याबद्दल विचारतात. तो प्रश्न कोणाला हिणवण्यासाठी नसतो. पण हे आजार असलेली माणसं थोडी असतात. पनवेलच्या प्रत्येक सोसायटीत सापडावीत इतकी मुळीच नाहीत.

दुसरी गोष्ट, सगळ्यांमध्ये असलेले बारीक फरक. कडी तुटलेली नसते, कुठे थोडी सैल, कुठे थोडी घट्ट. यावर २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये मोठा अभ्यास आला. युरोपीय वंशाच्या सुमारे ३४ हजार लोकांची जनुकं आणि व्हिटॅमिन डीची पातळी ताडून पाहिली. जीसी, डीएचसीआर७, सीवायपी२आर१ आणि सीवायपी२४ए१ या चार ठिकाणी फरक सापडले. चारही आपल्या साखळीतलीच. पुढे २०२० मध्ये ब्रिटनच्या बायोबँकेतल्या ४ लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास झाला, तेव्हा ही ठिकाणं १४३ वर गेली.

आता २०१० च्या त्याच अभ्यासातले दोन आकडे बघा. जनुकीय गुणांनुसार सगळ्यात 'वाईट' चौथाईतल्या लोकांची तुलना सगळ्यात 'चांगल्या' चौथाईशी केली, तर पातळी ३० नॅनोग्रॅमच्या खाली असण्याची शक्यता जवळपास अडीच पट निघाली. ऐकायला भीतीदायक आहे. आणि दुसरा आकडा असा: लोकांच्या पातळीत जो एकूण फरक दिसतो, त्यातला या जागांमुळे समजावून सांगता येणारा भाग १ ते ४ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, एकाच माहितीतून आलेले आहेत. शक्यतेच्या पटीत बोललं की अडीच पट, एकूण फरकाच्या हिशेबात बोललं की फार तर ४ टक्के. डीएनए रिपोर्ट विकणाऱ्याने यातला कोणता छापावा असं तुम्हाला वाटतं?

कोणी म्हणेल, जुळ्यांच्या अभ्यासात तर जनुकांचा वाटा खूप मोठा निघतो. निघतो, पण कसा निघतो ते बघा. स्वीडनमधल्या जुळ्यांचा एक अभ्यास २००९ मध्ये आला. त्यात उन्हाळ्यात जवळपास निम्मा फरक जनुकांमुळे दिसला आणि हिवाळ्यात जनुकांचा वाटा जवळजवळ दिसलाच नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या पुरुष जुळ्यांचा अभ्यास आला. त्यात बरोबर उलटं: हिवाळ्यात सुमारे ७० टक्के, उन्हाळ्यात नाही. माणसाची जनुकं जूनमध्ये एक आणि डिसेंबरमध्ये दुसरी असं होत नाही. बदलतं ते भोवतालचं ऊन, कपडे, खाणं, बाहेर राहण्याचा वेळ. 'आनुवंशिकता अमुक टक्के' हा आकडा त्या जागी, त्या ऋतूत, त्या लोकांमध्ये मोजलेला असतो. तो उचलून दुसरीकडे लावता येत नाही.

हे पनवेलकरांना समजावायला पाण्याइतकं चांगलं उदाहरण नाही. समजा एका सोसायटीत पाचव्या मजल्यावर नळाला पाणी बारीक येतं आणि पहिल्या मजल्यावर चांगलं येतं. का? पाइप, मजला, जुना व्हॉल्व्ह. बिल्डिंगच्या आतला फरक पाइपांमुळे आहे, हे बरोबर. आता मे महिन्यात देहरंग धरणातलं पाणी खाली गेलं आणि सगळ्या गावालाच एक दिवसाआड पाणी आलं. तेव्हा पहिल्या मजल्यावरही बादली भरत नाही. या टंचाईचं कारण पाइपांत शोधत बसलात तर सापडणार नाही. जनुकं म्हणजे पाइप. एकाच ऑफिसात, सारखंच ऊन घेणाऱ्या दोघांपैकी एकाचा आकडा १८ आणि दुसऱ्याचा १२ का, याचं उत्तर काही प्रमाणात तिथे मिळेल. पण सगळं ऑफिसच २० च्या खाली का, याचं उत्तर तिथे नाही.

आणि सगळं ऑफिस खाली असतं हे खरं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २५ ते ३५ वयाचे ११३७ तरुण, सगळे निरोगी. त्यातल्या सुमारे ७० टक्के लोकांची पातळी २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी होती. आजारी म्हातारी माणसं नव्हेत, धडधाकट पोरं-पोरी.

आता "आपल्या लोकांची जनुकंच तशी" हा युक्तिवाद तपासू. तो खरा असेल तर एकाच समाजातल्या, पण वेगळ्या राहणीच्या लोकांत फार फरक दिसायला नको.

शंभर वर्षं मागे जाऊ, नाशिकला. हचिसन आणि शहा या दोघांनी मुडदुसाची कारणं शोधणारा अभ्यास १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते त्या काळच्या समजुतीच्या उलट होतं. मुडदूस गरिबीमुळे, निकृष्ट खाण्यामुळे होतो असं मानत. नाशिकमध्ये तो जास्त दिसला सुखवस्तू, पडदा पाळणाऱ्या घरांत, जिथे बायका आणि तान्ही मुलं आतल्या खोल्यांत राहत. शेतात राबणाऱ्या गरीब बायकांची मुलं आईबरोबर दिवसभर उघड्यावर असत. त्यांचं खाणं जास्त हलकं होतं, पण मुडदूस त्यांच्यात क्वचित. ऊन तेच, गाव तेच. फरक होता भिंतीचा.

दुसरं उदाहरण दिल्लीचं, २००२ चं. नऊ महिने ते दोन वर्षांची मुलं. एक गट मोरी गेट भागातला, जिथे धुराने आभाळ झाकोळलेलं, दुसरा तेव्हाच्या गुडगावमधला, जिथे हवा त्या मानाने स्वच्छ. मोरी गेटच्या मुलांची सरासरी साधारण १२ नॅनोग्रॅम, गुडगावच्या मुलांची २७. अंतर फार नाही आणि आकडा दुपटीहून जास्त. सरासरीत एवढी उडी आणणारं कुठलंही सामान्य जनुक आजवर सापडलेलं नाही. त्याच्या दोन वर्षं आधी दिल्लीतच एका अभ्यासात उन्हात कवायत करणारे सैनिक आणि रुग्णालयातले डॉक्टर-नर्स यांची पातळी मोजली होती. सैनिकांची कितीतरी बरी निघाली. ज्यांना या विषयाचं ज्ञान सगळ्यात जास्त, ते घसरलेल्या गटात होते, कारण ते दिवसभर छताखाली होते.

मग त्वचेच्या रंगाचं काय? तो तर जनुकांतूनच येतो. बरोबर आहे. मेलॅनिन जास्त असेल तर तेवढंच व्हिटॅमिन डी बनवायला जास्त वेळ ऊन लागतं. आपल्याकडच्या रंगातल्या फरकावरही चांगलं काम झालंय. दक्षिण भारतातल्या १२२८ लोकांचा अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात एसएलसी२४ए५ या एका जनुकातल्या एका बदलामुळे त्या लोकांमधला त्वचेच्या रंगाचा सुमारे २७ टक्के फरक समजावता आला. एका बदलासाठी हा फार मोठा वाटा आहे. पण ही सावळी त्वचा जिथे घडली तिथे ती शेतात, खाडीत, रस्त्यावर दिवसभर उन्हात असायची, आणि तिचं काम चालायचं. आपल्याच उपखंडातली कुटुंबं ब्रिटनला गेली, तेव्हा १९६० च्या दशकात ग्लासगोच्या डॉक्टरांना त्यांच्या मुलांत मुडदूस दिसायला लागला. जनुकं विमानात बदलली नाहीत. ऊन कमी झालं, आणि जास्त ऊन मागणारी त्वचा तिथे तोट्यात गेली.

आता गोष्ट अशी आहे की आपण पनवेलमध्ये राहूनच स्वतःचं ग्लासगो करून घेतलंय. कसं ते मोजून सांगतो.

अतिनील-बी किरण सूर्य वर असला तरच पुरेसे खाली पोचतात. तिरप्या उन्हात त्यांना हवेच्या जाड थरातून यावं लागतं आणि ओझोन त्यांना गिळतो. सोपी खूण अशी: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर किरण कामाचे. सावली लांब असेल तर व्हिटॅमिन डीच्या दृष्टीने ते ऊन जवळजवळ नुसता उजेड.

पनवेल साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात आपल्याकडे शून्य सावली दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्या दिवसांत सावली आखूड असण्याची वेळ मी गणित मांडून काढली: सकाळी साडेनऊच्या जरा आधीपासून दुपारी पावणेचारपर्यंत. आणि २१ डिसेंबरला? दुपारी साधारण ११ वाजून ३५ मिनिटांपासून १ वाजून ३५ मिनिटांपर्यंत. फक्त दोन तास. जून ते सप्टेंबर ढगच ढग, ते वेगळं.

यात दोन गोष्टी आहेत. चांगली गोष्ट ही की वर्षातला एकही दिवस असा नाही की दुपारी सूर्य पुरेसा वर येत नाही. स्वीडनला हे भाग्य नाही. वाईट गोष्ट ही की आपण ज्याला औषधी समजतो ते सकाळचं कोवळं ऊन, सात-साडेसातचं, व्हिटॅमिन डीच्या हिशेबात जवळपास कोरडं असतं. कोवळ्या उन्हात फिरायला जरूर जा. झोप सुधारते, मन ताजं होतं, गुडघे मोकळे होतात. पण "मी तर रोज सकाळी उन्हात चालतो, तरी कमी, म्हणजे जनुकीयच असणार" हा निष्कर्ष काढू नका. खिडकीच्या काचेआडचं ऊनही उपयोगाचं नाही, काच हे किरण अडवते.

आता आपला दिवस बघा. सकाळी हार्बर लाइन पकडून सीएसएमटीकडे सव्वा-दीड तास, किंवा ट्रान्स-हार्बरने ऐरोली-महापेकडे. साडेनऊला एसीत शिरायचं, अंधार पडल्यावर बाहेर. डिसेंबरमधली ती दोन तासांची खिडकी म्हणजे नेमकी जेवणाची सुट्टी, आणि कॅन्टीन तळमजल्यावर. घरी सातव्या मजल्याच्या बाल्कनीला ग्रिल आणि स्लायडिंगच्या काचा. दोन पिढ्यांपूर्वी याच भागात भातशेती होती, मिठागरं होती. लावणीला उभं राहणारी माणसं दुपारी बाराला वाफ्यातच असायची. त्यांच्या नातवंडांना जनुकं त्यांचीच मिळाली आहेत. दोन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत, पत्ता बदलतो.

खाण्याचंही थोडं सांगतो, कारण घराणेशाहीचा भास इथून येतो. आहारातून व्हिटॅमिन डी फार थोडं मिळतं: तेलकट मासे, म्हणजे तारली, बांगडा वगैरे, आणि अंड्याचा बलक. आणि कॅल्शियम कमी पडलं तर शरीर असलेलं व्हिटॅमिन डी लवकर खर्च करतं. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि ती आपल्या ताटातून गेली. एका घरातली माणसं एकाच स्वयंपाकघरातलं खातात, एकाच छताखाली राहतात, एकाच वेळी बाहेर पडतात. त्यांचे आकडे सारखे निघाले तर त्याला जनुकं लागत नाहीत. नवरा-बायकोचं रक्ताचं नातं नसतं, तरी दोघांचाही आकडा कमी येतो, हे आठवून बघा.

आता डीएनए टेस्टकडे परत येऊ. त्यांचा गुणांक ज्या अभ्यासांतून तयार होतो त्यातले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे. आपल्यावर अभ्यास झालेच नाहीत असं नाही. पंजाबी शीख लोकांमधला संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास २०१६ मध्ये आला आणि त्यात वेगळी जागा पुढे आली. पण युरोपात बसवलेला गुणांक आगरी, कोळी, कातकरी, देशस्थ, मुस्लिम, सिंधी अशा पनवेलच्या सरमिसळीवर तसाच चालेल असं धरता येत नाही. जिनोमइंडिया प्रकल्पातून भारतातल्या ८० हून जास्त समाजगटांच्या सुमारे १० हजार लोकांचे जनुकसंच वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. पाया घातला जातोय. पण त्यावर उभं राहून तुमच्या-माझ्यासाठी भाकीत करायला बरंच काम बाकी आहे. आणि पाइपाचा व्यास अचूक कळला तरी धरणात पाणी नसताना त्याचा उपयोग किती?

एक मुद्दा रिपोर्टच्या आकड्याबद्दल. 'कमी' म्हणजे कुठून खाली? केईएमच्या अभ्यासात २० ची रेघ होती, ७० टक्के खाली. केंद्र सरकारच्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात रेघ १२ ची होती, आणि १० ते १९ वयाच्या मुलांपैकी २४ टक्के खाली निघाले. वयोगट वेगळे, माणसं वेगळी, पण रेघ कुठे ओढली यावरच टंचाई केवढी दिसते हे ठरतं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २० हा आकडा दिला तो जवळपास सगळ्यांची गरज भागेल असा. सरासरी माणसाची गरज १६ च्या आसपास धरली होती. एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये ३० वर नेलेली रेघ २०२४ मध्ये स्वतःच सोडून दिली, आणि निरोगी प्रौढांनी उगाच ही टेस्ट करू नये असंही म्हटलं. शिवाय टेस्ट रक्तातला एकूण माल मोजते. त्यातला बहुतेक वाहक प्रथिनाला चिकटलेला असतो, आणि ते प्रथिन किती आणि कसं हे जीसी जनुकावर अवलंबून. म्हणजे काही जणांचा आकडा जनुकांमुळे थोडा कमी दिसेल, पण हाडांना मिळणारा माल तितका कमी असेलच असं नाही. जनुकांमुळे आकडा हलणं आणि जनुकांमुळे आजार होणं, हे एक नव्हे.

म्हणून खरी काळजी कुठे करायची? माझ्या मते दोन ठिकाणी.

एक, पुड्या. ६० हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, ठराविक आठवडे, हा डॉक्टरने आखलेला उपचार असतो. आपल्याकडे मेडिकलमधून आणून महिनोन्महिने चालू ठेवणारे लोक आहेत. रोजची गरज आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६०० युनिट आहे, हे शेजारी ठेवून बघा. आणि इथे जनुकांची उलटी बाजू आहे, जी कोणी सांगत नाही. काही मुलांमध्ये मोडतोड करणारं जनुक, सीवायपी२४ए१, दोन्हीकडून बिघडलेलं असतं. २०११ मध्ये हे स्पष्ट झालं. अशा मुलांना मुडदूस टाळायला म्हणून दिलेलं व्हिटॅमिन डी खर्चच होत नाही, रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, वजन घटतं, मूत्रपिंडाला इजा होते. "जनुकीय आहे म्हणून जास्त डोस घेऊ" हे वाक्य काही जणांच्या बाबतीत बरोबर उलटं ठरतं.

दोन, ज्यांना खरंच गरज आहे ते. पायाला बाक आलेलं मूल, हाडं दुखतात आणि जिना चढवत नाही अशी गरोदर किंवा बाळंतीण बाई, घराबाहेर न पडणारे आजी-आजोबा, रात्रपाळी करणारे, पूर्ण अंग झाकून वावरणाऱ्या बायका. यांनी डॉक्टरकडे जाऊन तपासून घ्यावं. आणि मुलाचा मुडदूस औषधाने हलत नसेल, किंवा भावंडालाही तोच त्रास असेल, तर जनुकीय तपासणीबद्दल स्वतःहून विचारा. तिथे ती टेस्ट खरोखर कामाची आहे.

बाकीच्यांसाठी दुपारच्या सुट्टीत बाहेर येऊन सावली बघणं हा बिनपैशाचा उपाय. डिसेंबर-जानेवारीत दुपारी साडेबाराला बाह्या वर करून थोडं चालता येतं. एप्रिल-मेमध्ये मात्र भर दुपारचं धाडस नको. एप्रिल २०२३ मध्ये इथे खारघरलाच उघड्यावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली, ते विसरता येत नाही. त्या दिवसांत साडेनऊ-दहाचं ऊन पुरतं, आणि त्वचा लाल होईपर्यंत थांबायचं कारण नाही. ज्यांना ते जमतच नाही त्यांच्यासाठी दुधाच्या आणि तेलाच्या पिशवीवर निळं '+एफ' चिन्ह बघून घ्या. त्यात व्हिटॅमिन ए आणि डी घातलेलं असतं.

शेवटचं एक बोलतो. "जनुकीय आहे" म्हटलं की विषय घरात संपतो. मग कोणी विचारत नाही की नव्या कॉलनीत मुलांना दुपारी खेळायला मैदान का नाही, शाळेचा पीटीचा तास सकाळी सातलाच का, ऑफिसात जेवणानंतर दहा मिनिटं बाहेर जायला मॅनेजरची भीती का वाटते, आणि बाईने गच्चीवर नुसतं उन्हात बसलं तर चार खिडक्या का उघडतात. सत्तर टक्के तरुण माणसांचा आकडा कमी येतो तेव्हा हे प्रश्न नगरपालिकेचे, शाळेचे, सोसायटीच्या मीटिंगचे असतात. आपण ते लॅबच्या पाकिटात घालून घरी आणलेत.

यावर तुमच्या शंका असतील, किंवा तुमच्या ऑफिसात, शाळेत कोणी दुपारच्या वेळेबाबत काही बदल करून पाहिला असेल, तर जरूर कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर उद्या जेवणाच्या सुट्टीत एकदा सावली बघून या. भेटू.